फिलिप मार्टिन : कॅसिनोच्या आधीची पस्तीस वर्षं

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या चोक्टॉ जमातीचे प्रमुख फिलिप मार्टिन यांचं नाव आर्थिक विकासाचा आदर्श म्हणून घेतलं जातं, पण जमातीकडे आलेला पैसा तर कॅसिनोचा होता, मग त्यात मार्टिन यांचं कर्तृत्व ते काय?

लोकप्रशासन शिकवताना हाच प्रश्न मला वर्गात हमखास ऐकायला मिळतो, म्हणून जरा विस्तारानेच लिहिते. चोक्टॉंचा पहिला कॅसिनो, सिल्व्हर स्टार, 1 जुलै 1994 ला उघडला. मार्टिन जमातीच्या कौन्सिलवर पहिल्यांदा निवडून आले ते 1957 मध्ये, आणि अध्यक्ष झाले 1959 मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत शाळा, घरं, दवाखाना, पोलीस, न्यायालय आणि एकामागून एक कारखाने उभे राहिले. जुगाराचा एक डॉलरही तोवर आलेला नव्हता. कॅसिनो चालवण्याची कुवत या पस्तीस वर्षांत तयार झाली, आणि ती कशी तयार झाली हाच मार्टिन यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे.

आधी थोडा मागचा इतिहास, कारण तो नसेल तर पुढचं काहीच कळत नाही.

चोक्टॉ हे मिसिसिपीच्या मातीतलेच लोक. 27 सप्टेंबर 1830 ला डान्सिंग रॅबिट क्रीक इथे झालेल्या कराराने त्यांची सुमारे 1 कोटी 10 लाख एकर जमीन अमेरिकन सरकारकडे गेली, आणि पुढच्या तीन वर्षांत जमातीतल्या बहुतेकांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आलं. त्या वाटेवर थंडीने, उपासमारीने आणि पटकीने हजारो माणसं गेली. आज ओक्लाहोमात असलेलं चोक्टॉ नेशन ही त्या स्थलांतरितांची शाखा. आयर्लंडच्या दुष्काळासाठी 1847 मध्ये पदरमोड करून पैसे पाठवणारे चोक्टॉ ते हेच. मार्टिन यांचे पूर्वज मात्र मागे राहिले.

मागे राहायची सोय करारातच होती. चौदाव्या कलमानुसार ज्या कुटुंबप्रमुखाला मिसिसिपीतच राहायचं असेल त्याने सहा महिन्यांत नाव नोंदवायचं. त्याला 640 एकर जमीन आणि मुलांच्या नावे आणखी काही मिळणार होती. नोंदणीचं काम होतं विल्यम वॉर्ड या सरकारी एजंटाकडे. त्याने लोकांना हाकलून दिलं, अर्ज गहाळ केले, नोंदी ठेवल्याच नाहीत. हजारो लोक मागे राहिले होते, पण कागदावर आली फक्त 69 कुटुंबं. बाकीचे आपल्याच मुलखात बेकायदा ठरले. पुढची शंभर वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवून काढली. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जमातीचा सुमारे पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला, तेव्हा कुठे वॉशिंग्टनला जाग आली आणि नेशोबा काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) फिलाडेल्फिया गावी ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्सचं, म्हणजे मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचं, कार्यालय उघडलं. (हे फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनियातलं मोठं शहर नव्हे.) जमातीला स्वतःची घटना मिळाली ती 1945 मध्ये.

फिलिप मार्टिन यांचा जन्म 13 मार्च 1926 चा, याच परिसरातला. ते साधारण अकरा वर्षांचे असताना वडिलांना एका मोटारीने उडवलं आणि चालक थांबलाही नाही. घर आईवर आलं. शिक्षणाचा प्रश्न तर आणखी बिकट होता. मिसिसिपीत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या; चोक्टॉंना पहिल्यात प्रवेश नाही, दुसऱ्यात त्यांना जायचं नाही, आणि जमातीच्या वस्त्यांवरच्या शाळा प्राथमिक इयत्तांपुढे जात नसत. पुढे शिकायचं तर घर सोडून दूरच्या निवासी शाळेत. मार्टिन उत्तर कॅरोलायनातल्या चेरोकी इथल्या निवासी शाळेत गेले आणि 1945 मध्ये तिथून बाहेर पडले.

त्याच वर्षी ते सैन्यात भरती झाले, वायुदलात गेले आणि दहा वर्षं राहिले. रडारचं काम शिकले. युद्ध नुकतंच संपलेल्या युरोपात त्यांची नेमणूक झाली होती. उद्ध्वस्त शहरं, अन्नासाठी कचरा उपसणारी गोरी माणसं त्यांनी पाहिली, आणि तीच माणसं आपली गावं विटेवर वीट रचून परत उभी करतानाही पाहिली. या अनुभवाचा उल्लेख ते पुढे आयुष्यभर करत. मिसिसिपीत वाढलेल्या चोक्टॉ मुलाच्या मनावर गोऱ्यांचं वरचढपण निसर्गनियमासारखं ठसवलेलं असे. तो नियम नाही, परिस्थिती आहे आणि परिस्थिती पालटता येते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मते त्यांच्या राजकारणाचं मूळ इथे आहे.

1955 मध्ये ते गावी परतले तेव्हा अनुभवी तंत्रज्ञ होते, पण चोक्टॉ माणसाला शेतमजुरीपलीकडे काम द्यायची गावाची तयारी नव्हती. मेरिडियनच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी थोडं शिक्षण घेतलं, बॉनी बेल यांच्याशी लग्न केलं, आणि दोन वर्षांत कौन्सिलवर निवडून आले.

त्या काळातलं कौन्सिल नावापुरतंच होतं. अध्यक्षाला पगार नव्हता. खरा कारभार ब्यूरोच्या सुपरिंटेंडेंटच्या हातात. कौन्सिलने बसायचं, ऐकायचं आणि माना डोलवायच्या. मार्टिन यांनी सुरुवात केली ती इथून. जमातीसाठी केंद्रातून येणारा पैसा किती, तो जातो कुठे, निर्णय कोण घेतो, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि स्थानिक अधिकारी दाद देईनात तेव्हा थेट वॉशिंग्टन गाठलं. खासदारांच्या दारात बसून राहायचं, कागद वाचायचे, योजनेतल्या अटी तोंडपाठ करायच्या, पुढच्या खेपेला त्याच अटींवर बोट ठेवून बोलायचं. या सगळ्याचं पहिलं ठळक फळ म्हणजे 1963 मध्ये सुरू झालेलं चोक्टॉ सेंट्रल हायस्कूल. आता मुलांना शिक्षणासाठी राज्याबाहेर जायची गरज उरली नाही.

हे साल नीट लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी, 21 जून 1964 च्या रात्री, याच नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. त्यांची जळालेली मोटार बोग चिट्टोच्या दलदलीत, चोक्टॉंच्या जमिनीजवळ सापडली आणि तिची खबर चोक्टॉ माणसांकडूनच अधिकाऱ्यांपर्यंत पोचली. ज्या गावात उपशेरीफच खुनाच्या कटात सामील होता, तिथे एका गहूवर्णी, गरीब, अल्पसंख्य जमातीचा पुढारी संस्था उभ्या करत होता. मार्टिन यांनी रस्त्यावरच्या आंदोलनाचा मार्ग धरला नाही. त्याबद्दल त्यांना बोल लावणारेही आहेत. पण त्यांची लढाई वेगळ्या दाव्यावर उभी होती : आम्ही फक्त समान नागरिक नाही, आम्ही एक शासन आहोत, आणि आमचं नातं थेट केंद्र सरकारशी आहे. राज्याची आणि काउंटीची मनमानी रोखायला हा दावा त्यांना जास्त टिकाऊ वाटला.

साठच्या दशकातल्या केंद्राच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमाने त्यांना हवी ती फट मिळवून दिली. या योजनांचा पैसा ब्यूरोला वळसा घालून जमातीकडे थेट येऊ शकत होता. मार्टिन यांनी त्या अनुदानाचा उपयोग माणसं घडवण्यासाठी केला : हिशेब ठेवणारी, प्रस्ताव लिहिणारी, कर्मचाऱ्यांची नेमणूक करणारी चोक्टॉ माणसं. माझ्या अनुभवात विकासाच्या नावाखाली येणाऱ्या निधीचं काय होतं हे ठरवणारी पायरी हीच असते, आणि अहवालांत तिचा उल्लेख कधीच सापडत नाही. याच सुमारास फ्लोरिडातले सेमिनोल आणि मिकोसुकी व उत्तर कॅरोलायनातले चेरोकी यांना बरोबर घेऊन दक्षिणेतल्या जमातींची एक संयुक्त संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मार्टिन होते.

1969 मध्ये जमातीने स्वतःची बांधकाम कंपनी काढली, चाटा डेव्हलपमेंट. केंद्राच्या गृहयोजनेतली घरं वस्त्यांवर बांधायचीच होती. मग कंत्राट बाहेरच्याला का द्यायचं? घरं झाली, गवंडी, सुतार, प्लंबर तयार झाले, आणि मजुरीचा पैसा गावात राहिला. ही कल्पना साधी दिसते, पण त्या आधी कुणाला सुचली नव्हती, किंवा सुचली तरी करू दिली नव्हती.

मग आला औद्योगिक वसाहतीचा प्रकार. मार्टिन यांच्या आग्रहाने जमातीने केंद्राच्या अनुदानातून तीस एकरांवर औद्योगिक वसाहत आखली : रस्ते, पाणी, वीज, सांडपाणी. आणि मग कुणीच आलं नाही. वर्षानुवर्षं तिथे गवत वाढत राहिलं. रिकामे प्लॉट आणि रंग उडालेली पाटी हे दृश्य महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मार्टिन आणि त्यांचे सहकारी कंपन्यांना पत्रं पाठवत राहिले, शे-दीडशे तरी. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. जनरल मोटर्सच्या पॅकार्ड इलेक्ट्रिक विभागाचं आलं. त्यातून 1979 मध्ये चाटा एंटरप्राइझ हा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मार्टिन थेट मतदानाने जमातीचे प्रमुख निवडून आले. मधल्या काळात घटना बदलून अध्यक्षाऐवजी चार वर्षांसाठी निवडलेला प्रमुख अशी व्यवस्था आली होती, आणि 1975 ते 1979 या काळात ते पद कॅल्विन आयझॅक यांच्याकडे होतं.

या कारखान्यात काय बनायचं ते सांगायला हवं, कारण निवडीमागचं शहाणपण तिथे दिसतं. मोटारीत दिव्यांपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या तारांचा एक जुडगा असतो, त्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. मोठ्या फळीवर खुंट्या मारलेल्या असतात. ठरलेल्या रंगाची तार ठरलेल्या खुंटीवरून न्यायची, फाटे फोडायचे, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर बसवायचा. एक तार चुकली तर अख्खा जुडगा बाद. यंत्राला हे काम नीट जमत नाही, माणसाची बोटं आणि लक्ष लागतं. पदवी लागत नाही, भारी यंत्रसामग्री लागत नाही, आणि काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात माणूस तयार होतो. जिथे भांडवल नाही, शिक्षण कमी आहे आणि हात रिकामे आहेत, तिथे बसेल असाच हा उद्योग होता.

तरीही कारखाना पहिल्या दोन वर्षांतच बुडायला आला. कर्ज झालं, गैरहजेरी मोठी, घड्याळाच्या शिस्तीची कुणालाच सवय नाही. मार्टिन यांनी जनरल मोटर्समध्ये काम केलेला अनुभवी व्यवस्थापक आणला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या कामात राजकारण्यांना हात घालू दिला नाही. अमक्याच्या भाच्याला घ्या, तमकीला काढू नका, हे प्रमुखांकडे चालणार नाही असा निरोप वस्त्यांवर गेला. लहान समाजात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग असतो, तिथे ही भूमिका घेणं आणि दर चार वर्षांनी त्याच लोकांपुढे मत मागायला जाणं, याला काय लागतं ते गावपातळीवर काम केलेल्यांना समजेल. कारखाना तगला. मग फोर्ड आणि क्रायस्लरचीही कामं मिळाली.

दुसरा कारखाना शुभेच्छापत्रांचा. अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीची छापील कार्डं इथे येत आणि त्यांवर फिती, चमकी, छोट्या वस्तू हाताने चिकटवल्या जात. या प्रकल्पाची आर्थिक जुळणी मला फार बोलकी वाटते. इमारतीसाठी करमुक्त रोखे काढायचे होते, पण कायद्याने तो अधिकार तेव्हा जमातीच्या शासनाला नव्हता, तो होता नगरपालिकेला. म्हणून मार्टिन फिलाडेल्फियाच्या नगरपालिकेकडे गेले, आणि 1981 मध्ये रोखे तिच्या नावाने निघाले. म्हणजे 1964 च्या त्या गावाने, सतरा वर्षांनी, चोक्टॉंच्या कारखान्यासाठी आपली पत वापरू दिली. हे सद्भावनेने झालं असं मी म्हणणार नाही. नोकऱ्या आणि बाजारपेठ यांचं गणित गावाला कळलं होतं, आणि ते त्यांच्या गळी उतरवण्याचं काम मार्टिन यांनी चिकाटीने केलं होतं. पुढे 1982 च्या कायद्याने जमातींच्या शासनांना करविषयक बाबतींत राज्यांसारखा दर्जा बराचसा मिळाला.

मोटारींचे स्पीकर बनवण्याचा कारखाना आला, मग आणखी काही. सत्तरच्या दशकात काम करू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक बेकार असलेली ही जमात नव्वदच्या दशकाअखेरीस राज्यातल्या सर्वांत मोठ्या दहा रोजगारदात्यांत मोजली जाऊ लागली. तिच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत आता बिगर-चोक्टॉ माणसं, गोरी आणि काळी, हजारोंनी कामाला होती.

दुसरी बाजू कायद्याची, आणि ती उद्योगाइतकीच महत्त्वाची. 1975 च्या स्वयंनिर्णय कायद्याने ब्यूरोची कामं करार करून स्वतःकडे घेण्याची मुभा जमातींना दिली. मिसिसिपीच्या चोक्टॉंनी ती पुरेपूर वापरली : ऐंशीच्या दशकात आरोग्य केंद्र, त्यानंतर शाळा. पण मिसिसिपी राज्य म्हणत होतं की 1830 नंतर इथे चोक्टॉ जमात उरलीच नाही, ही माणसं राज्याचे साधे नागरिक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जॉन’ निकालात हा युक्तिवाद एकमताने फेटाळला : ही जमात आहे, ही तिची जमीन आहे आणि इथे राज्याचं फौजदारी अधिकारक्षेत्र चालत नाही. वॉर्डने न लिहिलेल्या नावांची भरपाई झाली असं नाही, पण जमातीचं अस्तित्व अखेर कागदावर आलं.

दुसरा खटला मार्टिन प्रमुख असतानाचा. डिसेंबर 1985 मध्ये एका चोक्टॉ आईने वस्तीपासून, म्हणजे जमातीच्या राखीव जमिनीपासून, सुमारे तीनशे किलोमीटर दूर, गल्फपोर्टला जुळ्यांना जन्म दिला. आईवडील दोघेही वस्तीवर राहणारे, दोघांच्याही संमतीने राज्याच्या न्यायालयाने बाळं एका गोऱ्या दांपत्याला दत्तक दिली. जमातीने आव्हान दिलं. 1978 च्या मूलनिवासी बालकल्याण कायद्याप्रमाणे वस्तीवर राहणाऱ्या मुलांचा निर्णय जमातीच्या न्यायालयाचा; पण ही बाळं तर वस्तीवर कधी आलीच नव्हती. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जमातीच्या बाजूने कौल दिला : मुलांचा अधिवास, म्हणजे कायद्याने त्यांचं राहण्याचं ठिकाण, हा आईचाच अधिवास, आणि आईवडिलांनी दूर जाऊन प्रसूती केली म्हणून जमातीचा अधिकार संपत नाही. यानंतर प्रकरण जमातीच्या न्यायालयात आलं, आणि त्या न्यायालयाने मुलांना ज्या घरात ती वाढली होती त्याच घरात राहू दिलं. जमातीचा लढा निर्णयाचा अधिकार कुणाचा यासाठी होता, आणि तो अधिकार मिळाल्यावर तिने मुलांचं हित पाहिलं. या खटल्यावर वर्गात नेहमी दोन तट पडतात. मी तरी जमातीच्या बाजूची आहे.

आता कॅसिनो. 1988 च्या केंद्रीय कायद्याने जमातींना राज्याशी करार करून कॅसिनो चालवण्याची वाट खुली केली. मिसिसिपीशी करार 1992 च्या डिसेंबरात झाला, 1994 मध्ये सिल्व्हर स्टार उघडला, 1997 मध्ये डान्सिंग रॅबिट नावाचं गोल्फ मैदान आणि 2002 मध्ये गोल्डन मून हा दुसरा कॅसिनो. पैसा आला, खरोखरच मोठा आला. माणशी थोडी रक्कम वाटली गेली, पण बहुतेक नफा रस्ते, शाळा, आरोग्य आणि महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांकडे वळला. हे शक्य झालं कारण पैसा आला तेव्हा तो हाताळणारी यंत्रणा आधीच होती. जमातींच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी हाच मुद्दा मांडला : खनिज, जंगल, जागा यांपेक्षा स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार आणि तो राबवणाऱ्या भरवशाच्या संस्था कुठल्या जमातीकडे आहेत, यावर तिचं पुढचं ठरतं. मिसिसिपीच्या चोक्टॉंचं उदाहरण त्यांच्या मांडणीत ठळकपणे येतं.

कॅसिनोबरोबर उपद्रवही आला. 1995 मध्ये जमातींच्या कॅसिनोंवर कर बसवण्याचा प्रस्ताव काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आला तेव्हा चोक्टॉंनी जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टला, म्हणजे पैसे घेऊन खासदारांकडे रदबदली करणाऱ्याला, नेमलं. कर टळला. विश्वास बसला. पुढे अब्रामॉफ आणि त्याचा साथीदार मायकेल स्कॅनलन यांनी चोक्टॉंसह अनेक जमातींकडून कोट्यवधी डॉलर उकळले आणि आपसांत वाटून घेतले. सिनेटच्या समितीने चौकशी केली, दोघांनी गुन्हे कबूल केले. अब्रामॉफने 3 जानेवारी 2006 ला. जमात इथे फसवली गेलेली बाजू होती हे स्पष्ट आहे. पण लॉबिंगवरचा एवढा खर्च एका प्रमुखाच्या भरवशावर चालतो आणि कौन्सिल पुरेसे प्रश्न विचारत नाही, हाही सलग सत्तेचा परिणाम होता, आणि जमातीतल्या टीकाकारांनी तो बोलून दाखवला. ज्या माणसाने सुपरिंटेंडेंटला हिशेब विचारून सुरुवात केली त्याच्याच कारभाराला हिशेब विचारायची वेळ आली होती.

कारखान्यांचंही बदललं होतं. तारा जोडण्याचं काम मेक्सिकोत स्वस्तात होऊ लागलं, तेव्हा नव्वदच्या दशकाअखेरीस जमातीने स्वतःच मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात कारखाना काढला. मिसिसिपीतल्या जुन्या नोकऱ्या हळूहळू गेल्या आणि जमातीचा भार कॅसिनोवर वाढत गेला. गोल्डन मूनसाठी मोठं कर्जही झालं होतं. मार्टिन यांच्या कारकिर्दीतली ही खरी कमकुवत बाजू मला वाटते. कॅसिनो काढला यात चूक नव्हती, पण हाताला काम देणाऱ्या उद्योगांची जागा घेईल असं दुसरं काही वेळेत उभं राहिलं नाही.

2007 च्या निवडणुकीत बीझली डेन्सन यांनी त्यांचा पराभव केला. सलग अठ्ठावीस वर्षं प्रमुख राहिलेल्या, कौन्सिलवरच्या सुरुवातीपासून धरली तर पन्नास वर्षं जमातीच्या कामात असलेल्या माणसाला लोकांनी मत देऊन घरी पाठवलं. त्यांना हरवणारे मतदार त्यांनीच भांडून मिळवलेल्या शाळांत शिकलेले होते. 4 फेब्रुवारी 2010 ला, वयाच्या 83 व्या वर्षी, जॅक्सन इथे मार्टिन यांचं निधन झालं. तोवर आर्थिक मंदीत कॅसिनोचं उत्पन्न घटलं होतं आणि नोकरकपात सुरू झाली होती. शाळा, आरोग्य केंद्र, न्यायालय मात्र चालू होतं, आणि ते चालवणारी माणसं चोक्टॉ होती.